नात शाळेत जाईल त्या दिवशी

तिनं दुकानाच्या काचेवर ते रंगवलं तेव्हा शिडी धरायला दुकानदारच उभा होता. त्यामुळे यात आपला काही हात नाही, असं त्याला पुढे कधी म्हणता आलं नाही.

काच चांगली माणसापेक्षा उंच. तिच्यामागे बटाट्यांच्या टोपल्या, पावांचं कपाट आणि कोपऱ्यात अंड्यांचे ट्रे. बायकोनं बाह्या वर सारल्या, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये ब्रश बुडवला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: "आमची नात शाळेत जाईल त्या दिवसापासून या दुकानात पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी मिळणार नाहीत." शेवटचा शब्द खाली घसरला, कारण शिडी धरणाऱ्यानं मध्येच नाक खाजवलं.

"एवढं सरळ लिहीत आणलं आणि तुम्ही शेवटी माती केलीत," ती वरून म्हणाली.

"पुसून परत लिही."

"ऑइलपेंट आहे. पुसता येऊ नये म्हणूनच घेतलाय."

नात तेव्हा मागच्या खोलीत पाळण्यात मुठी चोखत पडली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

नातीला मध्ये ओढायचं कारण म्हणजे समोरचं मोठं दुकान. त्या दुकानाला आपोआप उघडणारं दार होतं, आत गार हवा होती आणि दारावर छापील पाटी होती: अमुक सालापर्यंत आम्ही पिंजऱ्यातली अंडी विकणं बंद करू. ते साल आलं. पाटीवर सालाच्या जागी कागदाची पट्टी चिकटली, तिच्यावर पुढचं साल. मग तेही आलं, पुन्हा पट्टी. पट्टीवर पट्टी चढून तो आकडा बिस्किटाएवढा जाड झाला होता. दुकानदाराची बायको रोज सकाळी शटर वर करताना तिकडे बघून नाक मुरडायची.

"साल ढकलता येतं हो," ती म्हणायची. "पोर कुठे ढकलता येते? ती आपली आपण मोठी होते."

बरं, अंड्यांचाच एवढा घोर का? तर तिचा धाकटा भाऊ. दुकानात अंडी यायची ती त्याच्याच पोल्ट्रीतून. गावाबाहेर त्याच्या लांबच लांब शेड होत्या. रोज सकाळी तो मागच्या दारानं यायचा, ट्रे ठेवायचा, बहिणीच्या हातचा चहा प्यायचा आणि जायचा. एकदा त्याची गाडी बंद पडली म्हणून ती स्वतःच अंडी आणायला गेली. आली ती दिवसभर गप्प. ती दिवसभर गप्प, हे इतकं अघटित होतं की दुकानदारानं कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला तेव्हा तिनं स्वयंपाकघरात वर्तमानपत्राच्या कागदाची घडी घालून जमिनीवर ठेवली.

"यावर उभा राहा."

"का गं ताई?"

"राहा तर."

तो राहिला. तिनं त्याच्या हातात चहाचा कप दिला. "आता इथंच चहा पी, वळ, पाठ खाजव, जांभई दे, काय वाटेल ते कर. कागदाबाहेर पाय टाकायचा नाही."

"किती वेळ?"

"जन्मभर."

भाऊ हसला. भिंतीला टेकलेला दुकानदारही हसला. ती हसली नाही.

"तुझ्या एकेका कोंबडीला एवढीच जागा आहे. पंख पसरायचा म्हटला तर शेजारणीच्या डोळ्यात. पायाखाली जाळी. एकीच्याही पायाला माती लागलेली नाही. बघून आलेय मी."

"ताई, सगळे असंच करतात."

"सगळ्यांची मी बहीण नाही."

शेवटी ठरलं की नात शाळेत जाईपर्यंत त्याला सवड. तोवर त्यानं पिंजरे काढायचे, नाहीतर बहिणीनं दुसरीकडून अंडी आणायची. "बघू," तो म्हणाला. हे 'बघू' त्यानं इतक्या मनापासून म्हटलं की त्यानंतर तिकडे बघितलंच नाही.

कागदाचा मात्र घरात खेळ होऊन बसला. कुणी चिडलं, कुणी जास्त बोललं की आजी म्हणायची, "हं, कागदावर." नात बोलायच्या आधी कागदावर उभी राहायला शिकली. तिचं खरं नाव शाळेच्या कामापुरतं, घरात आणि गल्लीत ती ठकी.

मग एका थंडीत ठकीची आजी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. डॉक्टर म्हणाले होते विश्रांती घ्या. तिनं आयुष्यात कधी घेतली नव्हती, ती सगळी एकदम घेतली.

माणसं भेटायला आली, बसली, गेली. दुकानदारानं दुकान उघडलं. रोज काच पुसायचं तिचं काम त्याच्याकडे आलं, एवढाच काय तो वरून दिसणारा फरक. अक्षरांच्या कडेकडेनं तो फडकं फिरवायचा, आणि घसरलेल्या 'नाहीत'पाशी आला की त्याचा हात हळू व्हायचा.

आणि इकडे ठकी कुणालाही न विचारता मोठी होत होती.

गल्लीचं तिच्यावर बारीक लक्ष. एवढं लक्ष तिच्या आईबापांचंही नसेल. शेजारचा बेकरीवाला पाव ठेवायला आला की आधी ठकीला दाराच्या चौकटीला उभी करून उंची बघायचा.

"काका, पोरगी वाढली बरं का. आता फार दिवस नाहीत तुमचे."

"माझे?"

"म्हणजे तुमच्या अंड्यांचे हो."

पलीकडची शिंपीण त्याच्यावर कडी करायची. अर्धा डझन अंडी घेता घेता गळ्यातली टेप काढून ठकीच्या खांद्यावर धरायची. "काका, गणवेशाचं माप घेऊनच ठेवू का? ऐन वेळी घाई नको."

दुकानदार हसण्यावारी न्यायचा, पण मनातल्या मनात हिशेब मांडायचा. मेहुण्याची अंडी स्वस्त. त्या अंड्यांसाठी येणारं माणूस जाताना पाव, दूध, साबण घेऊन जायचं. अंड्यांचा कोपरा रिकामा झाला की हीच माणसं रस्ता ओलांडून त्या आपोआप उघडणाऱ्या दारात जाणार आणि पाव, दूध, साबणही तिकडेच घेणार, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. मेहुण्याशी वाकडं घेणं आलं ते वेगळंच. बायकोमागे तिच्या माहेरचं तेवढं एकच माणूस उरलं होतं. आणि काच खरवडून मोकळं व्हावं तर ब्लेड हातात घ्यायची त्याची छाती नव्हती.

मेहुणा मात्र निवांत. त्याच्याकडे तोडग्यांना तोटा नव्हता.

"भाऊजी, हल्ली मुलांना घरीच शिकवतात म्हणे. काचेवर शाळा लिहिलंय. घरी शिकली तर ती शाळा कुठली?"

"ठकीची आई मला घराबाहेर काढेल."

"बरं, मग मी असं करतो. पिंजरा थोडा मोठा करतो, आत बसायला एक दांडी लावतो. मग त्याला पिंजरा म्हणायचंच नाही."

"मग काय म्हणायचं?"

मेहुण्यानं चहाचा घोट घेऊन विचार केला. "खोली म्हणू."

"तुझी ताई असती तर तुला त्या खोलीत राहायला पाठवलं असतं."

"म्हणून तर तुमच्याशी बोलतोय," मेहुणा म्हणाला.

शेवटी दुकानदारानं आपलाच एक डाव टाकला. रात्री जेवताना तो सुनेला म्हणाला, "ठकी अजून लहान वाटते गं मला. अजून एक वर्ष राहिली घरी तर काय बिघडलं?"

सून दवाखान्यात कामाला होती, दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिला आवाजावरून आजार कळायचा. तिनं घास खाली ठेवला. नवऱ्याकडे बघितलं. मग सासऱ्याच्या ताटात आणखी भात वाढला.

"बाबा, तुम्हाला दिवसा एकटं वाटेल ना? कळतं हो आम्हाला." आणि तिचे डोळे भरून आले.

दुकानदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं तर सून चिडेल, आणि गप्प बसावं तर फुकटची माया पदरात पडतेय. तो गप्प बसला. दुसऱ्या दिवसापासून मुलगा त्याच्या चहात दोनदा साखर घालायला लागला आणि सून घराबाहेर पडताना त्याच्या खांद्यावर थोपटायला लागली. कपाटामागे लपून चोरून खाणाऱ्या माणसाला कुणी पाणी आणून द्यावं, तसं त्याला वाटायचं.

पण शाळा काही टळली नाही. प्रवेशाच्या आधी पोराला घेऊन मुख्याध्यापिकाबाईंना भेटायचं असतं. मुलगा आणि सून दोघंही कामावर, म्हणून ती कामगिरी दुकानदारावर आली. त्यानं मुद्दाम दुपारची वेळ मागून घेतली. दुपारी ठकी झोपायची, आणि झोप मोडली की साक्षात चंडिका. शिवाय निघण्याआधी त्यानं तिला पोटभर जेवू घातलं. पोर पेंगेल, रडेल, बाई म्हणतील पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

शाळेचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. टेबलावर पेन्सिलींचा डबा, खिडकीत कुंडी. मुख्याध्यापिकाबाई दुकानात नेहमी येणाऱ्या, पण इथं त्यांच्या डोळ्यावर वेगळा चष्मा होता आणि त्यातून त्या वेगळंच बघत होत्या. ठकी आजोबांच्या मांडीवर डोळे चोळत होती. दुकानदार मनातल्या मनात म्हणत होता, रड गं बाळे, रड.

बाईंनी लाल चेंडू दाखवला. "हा कुठला रंग?"

ठकीनं जांभई दिली. दुकानदाराला हायसं वाटलं. बाईंनी चित्रांची जाडी पानं उलटली आणि हिरव्या गवतात उभी असलेली एक गुबगुबीत पांढरी कोंबडी तिच्यापुढे धरली.

"आणि ही कोण?"

ठकी ताठ बसली. झोप पार उडाली.

"कोंबडी. पण ही आमच्या दुकानातली नाही."

"हो का? ते कसं ओळखलंस?"

"हिच्या पायाखाली कागद नाही. आमच्या दुकानातल्या कोंबड्या कागदाएवढ्या जागेत उभ्या असतात. जन्मभर. आजी म्हणाली होती." मग तिनं मांडीवरून उतरून टेबलावरचा एक कागद उचलून जमिनीवर ठेवला, त्यावर दोन्ही पाय जुळवून उभी राहिली आणि म्हणाली, "अशा. आता तुम्ही."

दुकानदाराला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र खुर्चीवरून उठल्या, कागदाजवळ आल्या आणि चपला काढून त्यावर उभ्या राहिल्या. ठकीनं त्यांना पाय आत घ्यायला लावले. थोडा वेळ तशाच उभ्या राहून त्या दुकानदाराकडे वळल्या.

"काचेवरची नात ती हीच ना?"

"हो."

"मी वाट बघतेय केव्हाची. हिच्या आजींनी मला सांगितलं होतं, बाई, तुम्ही तेवढी माझी नात वेळेवर आत घ्या." त्या जागच्या जागी हसल्या. "हिला उद्या म्हटलं तरी घेते."

"दुपारची झोपते हो अजून," दुकानदारानं शेवटचा प्रयत्न केला.

"आम्हीही झोपलो असतो," बाई कागदावरून उतरत म्हणाल्या, "कुणी झोपू दिलं असतं तर."

परतताना ठकी त्याचं बोट धरून उड्या मारत होती आणि तो पाय ओढत होता. बायको गेली, पण जाण्याआधी सगळीकडे पाचर मारून गेली होती. त्याला तिचा राग आला. बऱ्याच दिवसांनी आला, आणि आला तेव्हा लक्षात आलं की ती गेल्यापासून तो तिच्याशी एकदाही भांडला नव्हता. मग गल्लीच्या तोंडापर्यंत तो मनातल्या मनात तिच्याशी कडाकडा भांडला. सगळं म्हणून झालं. उलट उत्तर आलं नाही.

दुकानापाशी येऊन त्यानं काचेकडे बघितलं आणि त्याला आपल्याच मनातलं कळलं. अंडी, गिऱ्हाईक, मेहुणा, हे सगळं होतंच. पण ठकी शाळेत गेली की तिच्या आजीचं शेवटचं राहिलेलं कामही उरकणार होतं. तोवर काचेवरून ती काहीतरी सांगत होती, कुणीतरी ऐकायचं बाकी होतं. सुनेचं अर्धं खरंच होतं म्हणायचं. त्या दिवशी सून घरी आल्यावर त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी चिडली, मग हसली, मग म्हणाली, "उद्यापासून चहात एकदाच साखर."

शाळेच्या पहिल्या दिवशी गल्लीत उगाचच माणसं. बेकरीवाला हात पुसत दारात, शिंपीण कात्री हातात घेऊन पायरीवर. ठकी कडक गणवेशात, दप्तर पाठीला, ऐटीत निघाली. फाटकापाशी मात्र ती आजोबांचं बोट सोडेना. बाकीची मुलंही रडत होतीच.

"मी नाही जात."

दुकानदाराच्या मनात मोह डोकावला. आता नुसतं "बरं" म्हणायचं आणि परत फिरायचं. कुणी काही म्हणालं नसतं. पोरच नाही म्हणाली, त्याला कोण काय करणार?

तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "मग घरी चल. आजीचा कागद आहेच, त्यावर उभी राहा."

ठकीनं बराच विचार केला. "जन्मभर?"

"तसं ठरलेलं नाही अजून."

तिनं बोट सोडलं, नाक पुसलं आणि मागे न बघता आत गेली.

तो दुकानात परत आला तेव्हा मेहुणा मागच्या दाराशी ट्रे उतरवत होता. दुकानदारानं पहिला ट्रे उचलला आणि परत गाडीत ठेवला. मग दुसरा.

"अहो भाऊजी, काय चाललंय?"

"ठकी शाळेत गेली."

"मग? पेढे वाटा." मेहुण्यानं ट्रे पुन्हा उतरवला. "हे काय वेड लावून घेतलंत? ताईचं एक असायचं. ती असती तर आतापर्यंत तिनंच नाद सोडला असता."

"तू वाचलंयस का ते कधी?"

"काय वाचायचंय त्यात? सगळी गल्ली ऐकवते."

"ऐकलं असशील. वाचलंयस?"

इतक्या वर्षांत मेहुणा कधी पुढच्या दारानं आलाच नव्हता. दुकानदारानं त्याला दंडाला धरून बोळातून पुढे आणलं आणि काचेसमोर उभं केलं. बेकरीवाला आणि शिंपीण उगाच आकाशाकडे बघायला लागले. मेहुणा वाचत होता. ओठ हलवत वाचत होता.

"ताईचं अक्षर," तो म्हणाला. मग शेवटच्या शब्दावर बोट ठेवून, "शेवटी वाकडं का झालं?"

"मी नाक खाजवलं."

मेहुण्यानं एकदा डोळे पुसल्यासारखं केलं, मग त्या गोष्टीचाच राग आल्यासारखा तरातरा बोळात शिरला. "नको तर नको! समोरचे हात जोडून घेतील माझी अंडी!" आणि खरंच, थोड्याच वेळात त्याची गाडी समोरच्या दुकानाच्या मागच्या बाजूला वळताना दिसली.

दुकानातला तो कोपरा रिकामा झाला. मग जे व्हायचं तेच झालं. माणसं अंड्यांसाठी रस्ता ओलांडायला लागली. काही जण जाताना इकडे बघायचं टाळायचे. बेकरीवाल्यानं घसा खाकरून सांगितलं की त्याला केकसाठी अंडी लागतात, तो तरी काय करणार. शिंपीण तेवढी आली, एक साबण घेतला, जो तिला नको होता हे दोघांनाही कळत होतं. टेकाडामागच्या एका बाईकडे मोकळ्या कोंबड्या होत्या. दुकानदार तिच्याकडून अंडी आणायचा, पण ती चार घरांनाही पुरत नसत, आणि कोंबड्यांचा मूड नसला की तेवढीही नाहीत. मुख्याध्यापिकाबाई रोज येऊन विचारायच्या, "आज?" तो मान हलवायचा. "उद्या बघू," त्या म्हणायच्या आणि पाव घेऊन जायच्या.

पानं गळायला लागली तेव्हा एका सकाळी दुकानाचं पुढचं दार उघडलं आणि मेहुणा आत आला. कपाळावर ओरखडा, अंगठ्याला चिंधी, शर्टाच्या खांद्यावर जे काय होतं ते कोंबडीचंच होतं. त्यानं एक ट्रे गल्ल्यावर ठेवला.

"सगळ्यात लहान शेड मोकळी केली," तो गुरकावला. "एकच. उगाच डोक्यावर घेऊन नाचू नका. अंडी महाग आहेत."

"असू देत."

"आणि त्या कोंबड्या मूर्ख आहेत. पिंजरे काढले तरी रांगेत उभ्या. हलेचनात. मी हाकललं, दाणे टाकले, हात जोडले. शेवटी एक हलली ती थेट माझ्या डोक्यावर. आता माझ्या स्कूटरवर बसतात. दार उघडं राहिलं की घरात येतात. काल एक माझ्या उशीवर अंडं घालून गेली." त्यानं शर्टाचा खांदा झटकला. "एवढी धूळ अंगावर उडवून घेतात हो. तासन्‌तास. पहिल्यांदा एकीला बघितलं तेव्हा मला वाटलं मरायला लागली की काय. तर नाही. आंघोळ करत होती."

दुकानदारानं आतून चहा आणला. त्यानं केलेला चहा, फार काही चांगला नव्हता. दप्तर घेऊन निघालेली ठकी मध्येच थांबली.

"मामाआजोबा, तुम्ही उभे का?"

"सवय गं."

"बसा की. तुम्हाला खुर्ची आहे."

तो बसला. पाय लांब केले, अगदी बटाट्यांच्या टोपलीपर्यंत, आणि चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

ठकीला सोडून आल्यावर दुकानदारानं फडकं ओलं करून काच पुसायला घेतली. सून कालच म्हणाली होती, बाबा, आता ते काढून टाकायचं का, काम तर झालं. तो म्हणाला होता, बघू. एक अनोळखी बाई पिशवी घेऊन थांबली. गल्लीत नव्यानं राहायला आलेली असावी. तिनं काचेवरची ओळ पहिल्या शब्दापासून घसरलेल्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचली.

"मग?" तिनं विचारलं. "गेली का नात शाळेत?"

दुकानदारानं फडकं पिळलं.

"गेली ना. रोज जाते," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.